मूल स्वतःला इजा करून घेतंय हे कळलं त्या दिवशी, आणि त्यानंतर

एप्रिल महिना. नाशिकला, इंदिरानगरात, आमच्या गच्चीवर कुरडयांचा घाट घातला होता. गव्हाचा चीक शिजवून वर आणलेला, सासूबाई सोऱ्या घेऊन बसलेल्या, मी आणि जाऊबाई प्लास्टिक अंथरत होतो. सकाळचे नऊ वाजले होते तरी पायाला चटके बसत होते. माझी लेक, तेव्हा चौदा वर्षांची, पूर्ण बाह्यांचा जाड शर्ट घालून कोपऱ्यात उभी होती. "बाह्या वर कर गं, चीक लागेल," सासूबाई म्हणाल्या. ती काही न बोलता खाली निघून गेली. कामाच्या वेळी पळ काढते म्हणून मला तिचा रागच आला. तिच्या हातावर काय आहे ते मला त्या रात्री कळलं.

आणि कळल्यावर जे जे करू नये ते सगळं मी केलं. ओरडले, रडले, मोबाईल काढून घेतला, तिच्या खोलीची कडी काढून टाकली. शेवटी देवापुढे उभं करून "पुन्हा असं करणार नाही" अशी माझी शपथ घ्यायला लावली. तिने शपथ घेतली. पुढचे चार महिने तिचं ते चालूच होतं, फक्त आता मला दिसणार नाही अशा बेताने.

ती आता मोठी झाली आहे आणि बरी आहे. हा मजकूर तिने आधी वाचला, दोन वाक्यं काढायला लावली, मग हो म्हणाली. त्या चार महिन्यांतून मला जे कळलं ते पहिल्याच रात्री कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं: पहिल्या दिवशी आईबापांचं काम ते थांबवणं हे नसतंच. पहिल्या दिवशी एवढंच साधायचं, की दुसऱ्यांदा मन भरून आलं तर पोराला आपल्याकडे यावंसं वाटावं. थांबणं त्यातूनच येतं, आणि सावकाश येतं.

हे मुलं का करतात

माझा पहिला प्रश्न होता, "आम्ही तुला काय कमी केलं?" तो प्रश्नच चुकीचा. हे बहुतेकदा बाराव्या ते चौदाव्या वर्षाच्या आसपास सुरू होतं. या वयात भावना पूर येतो तशा येतात आणि त्यांना बांध घालणारा मेंदूचा भाग अजून पक्का झालेला नसतो. राग, लाज, एकटेपणा, स्वतःबद्दलचा तिटकारा हे सगळं आत कोंडतं. बोलायला शब्द नसतात, किंवा बोलण्याजोगं माणूस नसतं. मग शरीराला इजा केली की आतला ताण थोड्या वेळापुरता उतरतो. काही मुलं सांगतात की आत सगळं बधिर झालेलं असतं आणि दुखल्यावर निदान काहीतरी जाणवतं. काहींना वाटतं की आपण वाईट आहोत, आपल्याला शिक्षा हवीच.

उतार थोडाच वेळ टिकतो. मग लाज येते, ती लपवावी लागते, लपवण्याचा ताण येतो, आणि गाडी फिरून पहिल्या ठिकाणी. हे चक्र समजलं तेव्हा माझी शपथ का फसली तेही समजलं. शपथ मोडली की लाज दुप्पट होते, आणि हे चक्र लाजेवरच फिरतं.

"लक्ष वेधून घ्यायला करते" हे मी नातेवाइकांकडून इतक्यांदा ऐकलंय की त्यावर थोडं थांबून बोलायलाच हवं. बहुतेक मुलं हे जिवापाड लपवतात. ऐन उन्हाळ्यात घामाघूम होतील पण बाही वर करणार नाहीत. आणि एखाद्या मुलाने खरोखर कोणाला दिसावं म्हणून केलं असेल, तर त्याला लक्ष हवंय आणि ते मागायला त्याच्याकडे दुसरा रस्ता उरलेला नाही, इतकाच त्याचा अर्थ. मग ते द्यायला काय हरकत आहे?

यातल्या बऱ्याच मुलांना त्या क्षणी मरायचं नसतं. उलट असह्य झालेलं कसंबसं निभावून न्यायचं असतं. पण म्हणून निर्धास्तही राहू नका. स्वतःला इजा करणाऱ्या मुलांमध्ये पुढे आत्महत्येचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो, आणि आज मरायचं नव्हतं म्हणून उद्याही नसेल असं नाही.

कारण एकच सापडत नाही. दहावीचे मार्क, कॉलेज रोडच्या क्लासमधली चढाओढ, वर्गातली चिडवाचिडवी, प्रेमात झालेला अपमान, घरातली दारू, आईबापांची भांडणं, शरीराबद्दलची लाज, आपल्याला मुलगी आवडते की मुलगा याचा गोंधळ. आणि कधीकधी असं काही, जे बोलायला जीभच उचलत नाही: घरातल्या किंवा ओळखीच्या कोणी केलेला अत्याचार. हे मनात असू द्या, पण पोलिसी चौकशीसारखं विचारत सुटू नका. मुलगेही हे करतात. भिंतीवर मुठी मारून हात सुजवून घेणाऱ्या मुलाला आपण "तापट आहे" म्हणून सोडून देतो, एवढाच फरक.

ओळखायचं कसं

नाशिकच्या थंडीत सगळेच स्वेटरमध्ये असतात, त्यामुळे डिसेंबर-जानेवारीत काही कळत नाही. मार्चपासून पाहा. उकाड्यातही पूर्ण बाह्या, पोहण्याच्या तलावावर जायला अचानक नकार, मनगटावर रोज रुमाल किंवा जाड बांगड्या. बाथरूममध्ये फार वेळ, घरातली ड्रेसिंगची पट्टी लवकर संपणं, जखमांची न पटणारी कारणं. आमच्याकडे तीन वेळा "मांजराने ओरखडलं" होतं, आणि मी तीनही वेळा मानलं. याच्या जोडीला झोप बिघडणं, मैत्रिणी तुटणं, "मी कोणालाच नकोय" अशी वाक्यं आली तर बोलायची वेळ झाली आहे. हळूच चोरून तपासणी करू नका, डायरी वाचू नका. पकडल्या गेलेल्या मुलाचा विश्वास परत मिळवायला महिने जातात.

कळल्याबरोबर काय करायचं

आधी जखम, मग प्रश्न. स्वच्छ कापडाने दाबून धरा, रक्त थांबलं की वाहत्या पाण्याने धुवा, झाकून पट्टी बांधा. हळद, कॉफी पावडर काही भरू नका. दहा मिनिटं घट्ट दाबूनही रक्त थांबत नसेल, जखम खोल किंवा उघडी दिसत असेल, बोटं बधिर वाटत असतील, भाजलेलं असेल, तर दवाखान्यात न्या. धनुर्वाताचं इंजेक्शन झालंय का ते डॉक्टरांना विचारा.

मुलाने गोळ्या, फवारणीचं औषध किंवा दुसरं काही पोटात घेतलं असेल तर एक मिनिटही वाट पाहू नका, मूल अगदी ठणठणीत दिसत असलं तरीही. काही औषधांचा परिणाम दिसायला दिवस-दोन दिवस लागतात आणि तोवर आत नुकसान होऊन बसतं. उलटी काढायच्या भानगडीत पडू नका, मिठाचं पाणी पाजू नका. १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने जवळच्या मोठ्या रुग्णालयात न्या, आणि रिकामी पाकिटं, बाटली जे असेल ते सोबत घ्या.

जखम बांधून झाली की शेजारी बसा. समोर बसू नका, शेजारी बसा. नजरेला नजर न देता बोलणं मुलांना सोपं जातं. स्कूटरवर मागे बसवून गंगापूर धरणाच्या रस्त्याने एक फेरी मारली तरी चालेल. आमचं पहिलं खरं बोलणं तसंच झालं, सोमेश्वरच्या पुढे, आणि तेही मी गाडी चालवत असताना माझ्या पाठीशी.

काय म्हणायचं हे मला माहीत नव्हतं, म्हणून मी वापरलेली वाक्यं जशीच्या तशी देते. "मी रागावलेली नाही. घाबरले मात्र आहे." "तुला किती त्रास होत असेल म्हणजे तू इथपर्यंत आलीस." "आत्ता सांगायचं नसेल तर नको सांगूस. मी इथेच आहे." यापुढे गप्प बसायचं. ती शांतता फार जड असते, पण ती भरून काढायला उपदेश करू नका. "आमच्या वेळी असलं काही नव्हतं," "तुझ्या बाबांना कळलं तर अटॅक येईल," "इतकं सगळं असून तुला कसलं दुःख," ही तीन वाक्यं तोंडावर आली तरी गिळून टाका.

आणि एक प्रश्न टाळू नका. सरळ विचारा: "तुला मरून जावंसं वाटतं का?" विचारल्याने तो विचार मुलाच्या डोक्यात शिरत नाही, उलट कोणीतरी अखेर विचारलं म्हणून बऱ्याच मुलांना हायसं वाटतं. "हो" आलं, तर कसं करायचं ते ठरवलंय का, कधी, हेही शांतपणे विचारा. ठरवलेलं असेल, तर मुलाला क्षणभरही एकटं सोडायचं नाही आणि त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञाकडे किंवा रुग्णालयाच्या अपघात विभागात न्यायचं. रात्रीचे दोन वाजले असले तरी.

त्याच दिवशी घरही आवरायचं. तीव्र इच्छेची लाट बहुतेकदा थोड्या वेळात ओसरते. त्या वेळात धोक्याची वस्तू हाताशी नसली तर जीव वाचतो. घरातल्या सगळ्यांच्या गोळ्या, आजोबांच्या बीपी-शुगरच्या धरून, कुलपात ठेवा. निफाड, दिंडोरीकडच्या द्राक्षवाल्यांना हात जोडून सांगते: फवारणीची औषधं घरात, माळ्यावर, खाटेखाली ठेवू नका. शेडमध्ये कुलपाच्या पेटीत ठेवा आणि किल्ली मोठ्या माणसाकडे. हे मुलाच्या पाठीमागे करू नका. "काही दिवस या वस्तू मी सांभाळते, तुला त्रास कमी व्हावा म्हणून," असं सांगून करा. खोलीची कडी मात्र मी काढायला नको होती. तात्काळ जिवाला धोका नसेल तर एवढा एकांत मुलाला राहू द्या.

नाशिकमध्ये कोणाकडे जायचं

सगळ्यात जवळचा रस्ता फोनचा. टेलिमानस, क्रमांक १४४१६. केंद्र सरकारची ही मानसिक आरोग्याची सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. चोवीस तास चालते, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. फोन आईबापांनी केला तरी चालतो, मुलाने केला तरी चालतो. सुरगाणा, पेठ, कळवणहून नाशिकला यायचं म्हणजे अख्खा दिवस मोडतो; तिथल्या घरांनी आधी इथे फोन करावा आणि पुढे कुठे जायचं तेही विचारून घ्यावं. अठरा वर्षांखालच्या मुलाला मारहाण, अत्याचार, छळ होत असेल तर चाइल्डलाइन १०९८. जीव धोक्यात असेल तर ११२.

सरकारी दवाखान्यात जायचं तर त्र्यंबक रोडचं सिव्हिल, म्हणजे जिल्हा रुग्णालय. तिथे मानसोपचार विभाग आहे. सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढायचा आणि "मनोविकार ओपीडी" म्हणून विचारायचं. आडगावच्या डॉ. वसंतराव पवार वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातही हा विभाग आहे. इगतपुरी-घोटीकडच्यांना धामणगावचं एसएमबीटी जवळ पडतं. गर्दी असते, डॉक्टरांना वेळ कमी असतो. म्हणून घरून एका कागदावर लिहून न्या: कधीपासून, किती वेळा, झोप-भूक कशी, घरात कोणाला पूर्वी नैराश्य किंवा आत्महत्येचा प्रयत्न झालाय का, आधीची औषधं कोणती. मुलाला थोडा वेळ डॉक्टरांसोबत एकट्याने बोलू द्या. बाहेर बाकावर बसणं फार कठीण जातं, पण खरं ते आतच बोललं जातं.

खासगीत जाताना दोन वेगळ्या माणसांचा फरक लक्षात घ्या. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएसनंतर मानसोपचारात एमडी किंवा डीपीएम झालेले डॉक्टर. औषध तेच देतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट औषध देत नाहीत, बोलण्यातून उपचार करतात, आणि त्यांची आरसीआय, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेची, नोंदणी असते. ती विचारायला संकोच करू नका. चार दिवसांचा कोर्स करून पाटी लावलेले समुपदेशक या शहरातही आहेत. पहिल्या फोनवर एकच विचारा: "स्वतःला इजा करणाऱ्या पौगंडावस्थेतल्या मुलांसोबत तुम्ही काम केलंय का?" आम्ही ज्यांच्याकडे आधी गेलो त्यांनी दहा मिनिटांत "मोबाईल बंद करा, सूर्यनमस्कार घाला" असं सांगून पाठवलं. लेक म्हणाली, "बघितलंस?" मला दुसरं माणूस शोधायला पुन्हा उमेद गोळा करावी लागली. पहिलं माणूस जमलं नाही तर दुसरं शोधा, यात काही चुकीचं नाही.

उपचारात काय होतं? भावनेची लाट येते तेव्हा ती ओळखायची कशी, सहन करायची कशी, इजा न करता खाली कशी आणायची, हे मुलाला शिकवलं जातं. डीबीटी (डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी) नावाची पद्धत नेमकी यासाठी आहे आणि किशोरवयीन मुलांमध्ये तिचा उपयोग दिसून आलेला आहे. तिच्यात आईबापांनाही शिकावं लागतं. स्वतःला इजा करण्यावर अशी वेगळी गोळी नाही, पण सोबत नैराश्य किंवा चिंता असेल तर डॉक्टर औषध देतात. सुरुवातीच्या आठवड्यांत बेचैनी किंवा मरणाचे विचार वाढल्यासारखे वाटले तर लगेच डॉक्टरांना फोन करा. मनाने गोळ्या बंद करू नका. निकाल दिसायला महिने लागतात.

काही घरांत याच वेळी कोणीतरी सुचवतं की बाहेरचं काही असेल, अमक्या बाबाकडे नेऊ. श्रद्धा तुमची, त्र्यंबकेश्वरी जाऊन या, पण उपचार थांबवू नका. आणि मुलाला मारणं, कोंडणं, उपाशी ठेवणं कोणी उपाय म्हणून सांगितलं तर तिथून उठून या.

पोलिसांची भीती अनेकांना दवाखान्यापासून अडवते. रुग्णालय एमएलसीची, म्हणजे पोलिसांना कळवायच्या प्रकरणाची, नोंद करू शकतं, पोलीस येऊन जबाबही घेतील. पण मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम ११५ प्रमाणे आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असंच धरलं जातं, आणि तिला शिक्षेऐवजी मदत द्यायची असते. जुन्या दंड संहितेतलं आत्महत्येच्या प्रयत्नाचं कलम ३०९ तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत आलेलंच नाही. मुलाचं करिअर यात संपत नाही. लैंगिक अत्याचार उघड झाला तर मात्र पॉक्सो कायद्याप्रमाणे डॉक्टर-समुपदेशकांना कळवावंच लागतं. हे मुलाला आधी सांगितलेलं बरं, नंतर फसवल्यासारखं वाटत नाही.

शाळा आणि नातेवाईक

शाळेत सगळ्यांना सांगू नका. एक माणूस निवडा. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये दिलेल्या निर्देशांप्रमाणे शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेने किमान एक समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमायचा आहे, आणि त्यात कोचिंग क्लासही येतात. तुमच्या शाळेत कोण आहे ते लेखी विचारा. मागायच्या गोष्टी छोट्या असाव्यात: त्रास झाला तर वर्गातून कारण न सांगता उठून जायची मुभा, बसायला एक खोली, खेळाच्या तासाला पूर्ण बाह्या घालू देणं. शिक्षकांनो, हातावर काही दिसलं तर वर्गासमोर विचारू नका.

घरातल्या प्रत्येकाला सगळं कळायची गरज नाही. कोणाला किती सांगायचं ते मुलाला विचारून ठरवा. आमच्याकडे सासूबाईंना एवढंच सांगितलं की तिचं मन आजारी आहे, औषध चालू आहे. त्यांनी जास्त काही विचारलं नाही. रोज दुपारी तिच्या खोलीच्या दाराशी बसून त्या लसूण सोलायला लागल्या. दोन महिन्यांनी ती बाहेर येऊन सोबत सोलायला बसली.

धाकट्या भावंडांकडे लक्ष असू द्या. सगळं घर एकीभोवती फिरत असलं की ती गप्प होतात. आणि स्वतःकडेही. मी तेव्हा टेलिमानसला दोनदा फोन केला तो लेकीसाठी नाही, माझ्यासाठी.

तू स्वतः हे वाचत असशील तर

तू वेडी नाहीस, वाईट नाहीस. खूप वाटतंय आणि त्याला बाहेर पडायला जागा नाही, असं झालंय. लाट आली की आधी फक्त पंधरा मिनिटं पुढे ढकल. तेवढ्यात थंड पाण्याने चेहरा धू, जिना दोनदा जोरात चढ-उतर, कोणाच्या तरी शेजारी जाऊन बस. बोलायलाच हवं असं नाही. मग पुन्हा पंधरा मिनिटं. हे जमलं नाही म्हणून स्वतःवर चिडू नकोस.

सांगायला एक मोठं माणूस निवड. आईच असली पाहिजे असं नाही; मावशी, काका, एखाद्या बाई चालतील. तोंडातून शब्द फुटत नसेल तर चिठ्ठी लिही: "मी स्वतःला इजा करते. मला मदत हवी आहे. ओरडू नका." त्या माणसाने नीट ऐकलं नाही तर दुसऱ्याला सांग. कोणाला सांगायचंच नसेल तर १४४१६. आणि मैत्रिणीने तुला "कोणाला सांगू नकोस" म्हणत हे सांगितलं असेल, तर ते गुपित तुझ्या एकटीने वाहायचं नाही. ती रागावेल. तरी सांग.

पुन्हा झालं तर

होईल. तीन महिने काही नाही आणि निकालाच्या आदल्या रात्री पुन्हा, असं होतं. तेव्हा "सगळं पाण्यात गेलं" म्हणू नका. आधी आठवड्यातून चारदा होतं, आता तीन महिन्यांतून एकदा झालं, आणि तिने स्वतः येऊन सांगितलं, या दोन्ही गोष्टी मोजा. माझ्या लेकीने पहिल्यांदा स्वतः येऊन सांगितलं ती रात्र मला बारावीच्या निकालापेक्षा मोठी वाटते.

बरं चालू असतानाच मुलासोबत बसून एका वहीच्या पानावर लिहून ठेवा: त्रास वाढतोय हे कशावरून कळतं, तेव्हा काय केल्याने बरं वाटतं, कोणाला फोन करायचा, डॉक्टरांचा नंबर, १४४१६. एक प्रत त्याच्याकडे, एक तुमच्याकडे. आमचं पान तिच्या कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवलेलं होतं. आता कोपरे दुमडलेत.

वण राहतात. फिके होतात, त्वचारोगतज्ज्ञाकडे काही उपायही असतात, पण ते जायलाच हवेत का हे ठरवणारी तीच. लग्नकार्यात कोणीतरी काकू हात धरून "हे काय गं?" म्हणणारच, म्हणून उत्तर आधी तयार असलेलं बरं. लेकीने ते स्वतः ठरवलं: "जुनी जखम आहे, काकू. भरली." मग ती पानावर बसते.